इंग्रजी चुकली म्हणून हंसणारे

(तालुक्याच्या गांवीं शेतकरी व कारागीर मंडळींपुढें केलेलें भाषण)



सुगीचे दिवस असतांना तुम्ही कामें टाकून आलां आहांत, तेव्हां लांबण न लावतां मुद्यावर येतों. आम्ही कॉलेजांत पहिल्या वर्षाला होतों तेव्हांची गोष्ट. अर्थशास्त्राच्या तासाला प्रोफेसरसाहेबांनीं आम्हांस उभें करून पुस्तकांतील उतारा मोठ्यानें वाचावयास सांगितला. त्यांत कर्ज या अर्थाचा इंग्रजी शब्द आला. त्याचीं अक्षरें डी, ई, बी, टी. दिसलें तसें आम्हीं वाचलें, 'डेब्ट'. सारा वर्ग खो खो हंसला. प्रोफेसरसाहेबही हंसले आणि 'डेट' म्हणा असें सांगून त्यांनीं पुढच्या मुलास उभें केलें.

आमचे वडील सुतार. सोसायटीचें किती आणि सावकाराचें किती, व्याज कोणत्या महिन्यांत थकलें, हा सारा हिशोब आम्हांस तोंडपाठ होता. कर्ज म्हणजे काय हें त्या वर्गांत आमच्याइतकें कोणालाही ठाऊक नव्हतें. फक्त त्याचा उच्चार ठाऊक नव्हता, तेवढ्यानें आम्ही मूर्ख ठरलों. पुढें दोन वर्षें आम्हीं वर्गांत तोंड उघडलें नाहीं. समजलें नाहीं तरी विचारलें नाहीं. त्या हंसण्याची किंमत आम्हीं परीक्षेंत मोजली आणि नोकरीच्या मुलाखतींतही मोजली.

आतां गंमत ऐका. त्या शब्दांतील 'बी' इंग्रज लोक कधींच उच्चारीत नव्हते. जुन्या इंग्रजी लिखाणांत तें अक्षरही नव्हतें. आपल्या शब्दाचें लॅटिनशीं नातें दिसावें म्हणून तेथील विद्वानांनीं तें मागाहून घुसडलें. पावती या अर्थाच्या 'रिसीट' शब्दांतील 'पी' तसाच. म्हणजे पंडितांनीं मिरवण्यासाठीं अक्षर घालावें आणि सुताराच्या पोरानें तें वाचलें म्हणून जगानें त्याला हंसावें! हें कळावयास आम्हांस वीस वर्षें लागलीं.

साहेब या देशांत आला तेव्हां त्यालाही मराठी येत नव्हती. त्यानें पुण्याचें पूना केलें, खडकीचें किर्की केलें. आपण हंसलों काय? त्याच्यासाठीं मुनशी होते, देशी भाषेच्या परीक्षा होत्या, पास झाल्यास बक्षिसें होतीं. तो दोन शब्द मोडकेतोडके बोलला तरी आपले लोक म्हणत, साहेब काय छान मराठी बोलतो! उलट हिंदी माणूस इंग्रजी बोलूं लागला तेव्हां त्याच्या भाषेला 'बाबू इंग्लिश' असें कुत्सित नांव मिळालें. १८९७ सालीं विलायतेंत अशा एका बाबूची टिंगल करणारें आख्खें पुस्तक निघालें. परकी भाषा दोघेही चुकतच बोलत होते. एकाचें कौतुक झालें, दुसऱ्याचें हंसें झालें. तेव्हां हा मामला व्याकरणाचा नव्हे, हें तुमच्या ध्यानांत आलेंच असेल.

तरीही कोणी म्हणेल, इंग्रजी परकी म्हणून असें होतें. तर मग जोतीराव फुल्यांची मराठी परकी होती काय? ती त्यांची मायबोली. पण विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं १८७४ सालीं निबंधमाला सुरू केली आणि तींत जोतीरावांच्या व्याकरणाची यथेच्छ टवाळी केली. शेतकऱ्याचें दुःख खरें कीं खोटें याला उत्तर देणें अवघड. विभक्ति चुकली म्हणणें सोपें! ज्याला म्हणणेंच ऐकावयाचें नाहीं, तो आधीं उच्चार तपासतो.

त्याच जोतीरावांना वडिलांनीं एकदां शाळेंतून काढलें होतें. गफार बेग मुनशी आणि लिजिटसाहेब या शेजाऱ्यांनीं वडिलांची समजूत घातली, म्हणून १८४१ सालीं ते स्कॉटिश मिशनच्या शाळेंत गेले. तेथें शिकलेल्या इंग्रजीचें त्यांनीं काय केलें? मिरवली नाहीं. १८८२ सालीं हंटरसाहेबांच्या शिक्षण-कमिशनापुढें त्यांनीं इंग्रजींत निवेदन दिलें आणि निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करा असें सांगितलें. सावित्रीबाईंनीं तर १८५४ सालींच 'काव्यफुले' या संग्रहांत इंग्रजी शिका असें आपल्या लोकांस कवितेंतून बजावलें होतें.

हा झाला बाहेरच्यांचा हिशोब. आतां आपल्या घरचा बघूं, आणि येथें राग आला तर येऊं द्या. पोरगी ओसरीवर बसून इंग्रजी वाक्य मोठ्यानें म्हणूं लागली कीं चुलता म्हणतो, "आली बघा मड्डम!" पोरगा एसटी स्टँडवर कोणा परप्रांतीयाशीं इंग्रजींत चार शब्द बोलला कीं पारावर त्याचें नांव 'साहेब' पडतें. शहरांत चुकली म्हणून हंसतात, गांवांत बोलली म्हणून हंसतात. मग त्या लेकरानें बोलावें तरी कोठें? आपल्या राज्यांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवतात, आणि तरी दहावी झालेला मुलगा कोणी इंग्रजींत नांव विचारलें तर खालीं मान घालतो. पुस्तकांत उणें असेल, शिक्षकांतही असेल. पण मोठ्यानें चुकण्याला त्याला जागा कोणीं दिली?

२०१२ सालीं 'इंग्लिश विंग्लिश' नांवाचा बोलपट निघाला. पुष्कळांनीं पाहिला असेल. पुण्याची शशी घरीं लाडू करून विकते, आणि तिची स्वतःची मुलगी तिच्या इंग्रजीची लाज बाळगते. तो काढणाऱ्या गौरी शिंदे पुण्याच्याच. त्यांच्या आईचा घरीं लोणच्याचा धंदा होता. लहानपणीं आपल्याला आईच्या इंग्रजीची लाज वाटे, हें त्यांनीं पुढें जाहीरपणें कबूल केलें. असें कबूल करावयास छाती लागते. त्या बोलपटांत न्यूयॉर्कच्या वर्गांत टॅक्सीवाला, दायी, न्हावी, आचारी असे देशोदेशींचे लोक एका बाकावर बसून चुकतात. आम्हांस सर्वांत तोच भाग आवडला.

आमच्या वडिलांच्या मेटावर पोरगा शिकावयास आला कीं त्याचा पहिला रंधा वांकडाच चालायचा. फळीला खड्डा पडायचा. वडील हंसले नाहींत कीं वाहवाही केली नाहीं. हात धरून कोन दाखवायचे आणि तीच फळी पुन्हां पुढें सारायचे. लोहाराच्या भात्याजवळ, कुंभाराच्या चाकाजवळ हीच रीत आहे. चूक दाखवायची नाहीं असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. 'डेट' म्हण, हें आम्हांस कोणीं शांतपणें सांगितलें असतें तर आम्ही त्याचे जन्मभर उपकार मानले असते.

आणखी एक. इंग्रजी शिकणें म्हणजे जमीन गहाण टाकून पोराला कोटटाय घालणें नव्हे. फी भरून दमलेले बाप आणि मराठीही धड न वाचणारीं त्यांचीं मुलें आम्हीं पाहिलीं आहेत. त्यावर पुन्हां केव्हां तरी बोलूं. आज वेळ थोडा आहे.

येत्या शनिवारपासून दिवेलागणीनंतर याच शाळेंत इंग्रजी बोलण्याचा वर्ग बसेल. फी नाहीं. बायामाणसांनीं अवश्य यावें. मुलांनीं आईबापांस घेऊन यावें. नियम एकच: दुसऱ्याच्या चुकीला जो हंसेल, त्यानें पुढचीं पांच वाक्यें फळ्यापुढें उभें राहून बोलावयाचीं. वहींत पहिलें नांव आमच्या वडिलांचें पडलें आहे. त्यांचें वय सत्तर, आणि बँकेची आलेली नोटीस त्यांना दुसऱ्याकडून वाचून घ्यावयाची नाहीं.