पोच : सेवेच्या हक्काचे पहिले पाऊल



१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशीम जिल्हा अस्तित्वात आला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांतील जनतेची जिल्ह्याच्या कामासाठी अकोल्याला होणारी पायपीट त्यामुळे थांबली. पुढे २०१५ साली महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम अमलात आला आणि कार्यालयाच्या अंतराप्रमाणे कामाच्या कालावधीलाही मर्यादा पडली. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा आता नागरिकाचा हक्क आहे. परंतु ही मुदत मोजावयाची कोठून, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

परिपूर्ण अर्ज स्वीकारला गेला म्हणजे मुदत सुरू होते. त्या अर्जाची पोच, तिच्यावरील दिनांक व अर्ज क्रमांक हाच नागरिकाचा पुरावा होय. खिडकीवरून "कागद अपुरे आहेत, पुढच्या आठवड्यात या" असे तोंडी सांगून अर्ज परत केला, तर कायद्याच्या दृष्टीने अर्ज झालेलाच नसतो. मग विलंबही होत नाही आणि अपीलही करता येत नाही. बुडते ती केवळ मजुराची त्या दिवसाची मजुरी.

मानोरा तालुक्यातील एखाद्या तांड्यावरील बारावी उत्तीर्ण मुलीचे उदाहरण घ्यावे. तिला प्रवेशासाठी जातीचा दाखला हवा. विमुक्त जातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा जातीचा व वास्तव्याचा पुरावा लागतो. वडील कामासाठी परगावी, आजोबा हयात नाहीत. पुरावा बहुधा गावच्या शाळेच्या जुन्या दाखल-खारीज रजिस्टरात किंवा जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीत असतो. तो प्रवेशाच्या ऐन धावपळीत शोधू लागल्यास वर्ष वाया जाण्याचा धोका असतो. मुख्याध्यापकांनी ही जीर्ण रजिस्टरे जपली आणि विद्यार्थी नववी-दहावीत असतानाच पालकांना उतारे काढण्यास सांगितले, तर त्या मुलीचे वर्ष वाचते.

पंचायत सदस्यांचे कार्यही असेच मोलाचे आहे. उपलब्ध सेवा, त्यांची मुदत, शुल्क, पदनिर्देशित अधिकारी आणि अपील अधिकारी यांची माहिती देणारा फलक कार्यालयात लावणे बंधनकारक आहे. तो ग्रामपंचायतीत दर्शनी जागी आहे काय आणि वाचता येण्याजोगा आहे काय, हे सदस्यांनी पाहावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी ग्रामसभेत त्याचे वाचन व्हावे. 'आपले सरकार' संकेतस्थळावरून अर्ज करता येतो. मात्र ज्याच्या घरी साधन नाही, त्याला आपले सरकार सेवा केंद्रापर्यंत नेणारा आणि पोच मागून घेण्यास सांगणारा माणूस गावातच असावा लागतो.

अर्ज नाकारावयाचा असल्यास अधिकाऱ्याने त्याची कारणे लेखी द्यावयाची असतात. सेवा नाकारली गेली किंवा मुदतीत मिळाली नाही, तर ३० दिवसांच्या आत प्रथम अपील करता येते. त्यानंतर द्वितीय अपील आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोगाकडे तृतीय अपील, अशी रचना आहे. पुरेशा कारणाशिवाय कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत शास्ती होऊ शकते. तथापि शास्ती हे या कायद्याचे साध्य नव्हे. काम वेळेत व्हावे आणि न झाल्यास त्याचे कारण नागरिकास कळावे, एवढीच त्याची अपेक्षा आहे. लेखी कारण प्रामाणिक कर्मचाऱ्याचेही रक्षण करते. अपुरा कागद कोणता हे एकदाच स्पष्ट लिहिले, म्हणजे अर्जदाराच्या खेपा वाचतात आणि कार्यालयातील गर्दीही ओसरते.

२०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १२ लाख असून तिच्यातील दर पाचांपैकी चारांहून अधिक माणसे खेड्यांत राहतात. कोरडवाहू सोयाबीन व तुरीवर संसार चालविणाऱ्या कुटुंबाला पेरणीच्या दिवसांतील एक व्यर्थ खेपही परवडत नाही. म्हणून शिक्षकाने पुरावा जपावा, पंचायत सदस्याने वाट दाखवावी आणि कार्यालयाने पोच द्यावी. या तीन गोष्टी घडल्या, तर कायद्याने दिलेला हक्क तांड्यावरील शेवटच्या घरापर्यंत पोहोचेल.