करवसुली साधली, करन्यायाचे काय?

(विठ्ठलवाडी येथे लघुउद्योजक व व्यापारी यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विठ्ठलवाडीच्या एका अंगाला कल्याण, दुसऱ्या अंगाला उल्हासनगर. दोन महापालिकांच्या हद्दी येथे एकमेकींना भिडतात. हद्द ओलांडली की जकात, हा अनुभव या परिसराने वर्षानुवर्षे घेतला. जकात गेली, स्थानिक संस्था कर आला. तोही बहुसंख्य व्यापाऱ्यांपुरता १ ऑगस्ट २०१५ पासून गेला. म्हणूनच ३० जून २०१७ च्या मध्यरात्री संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात वस्तू व सेवा कराचा आरंभ झाला, तेव्हा येथील व्यापाऱ्याने त्याचे स्वागतच केले.

या नव्या करव्यवस्थेच्या प्रारंभीच्या वर्षांचे मूल्यमापन निःपक्षपणे व्हावयास हवे. संकल्प भव्य होता. सिद्धता अपुरी होती. विवरणपत्रे भरण्याच्या दिवशीच संगणकीय यंत्रणा कोलमडे. विक्री आणि खरेदीची विवरणपत्रे परस्परांशी जुळवण्याची मूळ योजना नोव्हेंबर २०१७ मध्ये स्थगित करावी लागली. तात्पुरते म्हणून आलेले ‘३ बी’ विवरणपत्र मात्र कायमचे झाले. १ फेब्रुवारी २०१८ रोजी ई-वे बिल सक्तीचे झाले आणि त्याच दिवशी यंत्रणा ठप्प झाल्याने ती सक्ती पुढे ढकलावी लागली. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने, करदात्यास संकेतस्थळच वापरता येत नसेल तर या सुधारणेच्या समारंभांना अर्थ नाही, अशा आशयाचे खडे बोल सुनावले.

दोष सुधारले गेले, हेही नमूद केले पाहिजे. विलंबशुल्क दिवसाला २०० रुपयांवरून ५० रुपयांवर आले. १ एप्रिल २०१९ पासून मालाच्या व्यापाऱ्यांसाठी नोंदणीची मर्यादा २० लाखांवरून ४० लाख झाली. एप्रिल २०१८ मध्ये मासिक संकलनाने प्रथमच १ लाख कोटींचा टप्पा ओलांडला. एप्रिल २०२५ मध्ये ते २ लाख ३६ हजार कोटींच्या पुढे गेले.

परंतु केवळ तिजोरीच्या वजनावरून करयंत्रणेची पारख होत नाही. अपिलीय न्यायाधिकरणाची तरतूद २०१७ च्या कायद्यातच होती. त्याच्या रचनेवर न्यायालयीन वाद झाला, २०२३ मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि प्रत्यक्ष उद्घाटनास २४ सप्टेंबर २०२५ उजाडला. वसुली पहिल्या दिवसापासून, दाद मात्र आठ वर्षांनी! या काळात विभागीय अपिलात हरलेल्या लहान कारखानदारापुढे दोनच वाटा होत्या: उच्च न्यायालयाचा खर्च सोसावा, किंवा न्यायाधिकरणाची वाट पाहत बसावे. काही हजारांच्या वादासाठी उच्च न्यायालयात कोण जाणार? मोठ्या उद्योगास विलंब परवडतो. ज्याचे भांडवल अडकून पडते, त्याचे दुकान बंद पडते.

न्यायाधिकरणाच्या अधिसूचित पीठांत ठाण्याचेही नाव आहे. ते पीठ पूर्ण सदस्यसंख्येने आणि नियमितपणे चालावे, हा आग्रह येथील व्यापारी संघटनांनी धरला पाहिजे. कर वेळेवर भरणे हे राष्ट्रकार्य आहे; भरणाऱ्यास वेळेवर न्याय देणे हे राज्यकर्तव्य आहे. पहिले नागरिकाकडून मागणाऱ्या शासनास दुसरे टाळता येणार नाही.