शिबिर डिसेंबरात नको, मे महिन्यात घेऊ



सूत्रसंचालकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय ‘आपण समाजासाठी काय करू शकतो’. एवढ्या मोठ्या विषयावर मला बोलता येणार नाही. आजच्या कार्यक्रमपत्रिकेत आधी छापलेली आणि नंतर काढून टाकलेली एक ओळ आहे, तेवढ्यावरच बोलते. ओळ अशी होती : ‘सकाळी ९ ते १, भव्य रक्तदान शिबिर’. ती काढायला लावणारी मी. समितीतले काही जण त्यावरून माझ्यावर नाराज आहेत हे मला ठाऊक आहे, म्हणून खुलासा इथेच करते.

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात माझ्या वडिलांना पोटात अल्सरचा रक्तस्राव झाला. पुण्यात एका रुग्णालयात दाखल केलं. तीन पिशव्या रक्त लागणार होतं. गट ओ पॉझिटिव्ह, म्हणजे सर्रास मिळणारा. मी निर्धास्त होते. मग काउंटरवरून निरोप आला, साठा कमी आहे, बदली रक्तदाते घेऊन या. दुपारचे दोन वाजले होते, बाहेर उन्हाचा कहर. मी मोबाइलमधल्या सगळ्या ग्रुपवर निरोप टाकले. हात जोडलेली चित्रं भराभर आली, माणसं येईनात. निम्मे गावी, निम्मे थंड हवेच्या ठिकाणी. शेवटी संध्याकाळी कुणाच्या तरी ओळखीतून तिघं आली. त्यातला एक रिक्षावाला होता. रक्त देऊन बाहेर आल्यावर त्याने मला सहज विचारलं, ‘ताई, तुम्ही शेवटचं कधी दिलं होतं?’

मी कधीच दिलं नव्हतं. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षापर्यंत एकदाही नाही. आमच्या कंपनीत दरवर्षी शिबिर होतं, आमच्याच इमारतीत, तळमजल्यावर. मी देणगीचा चेक देत होते, मॅरेथॉनचा टी-शर्ट घेत होते, आणि शिबिराच्या दिवशी नेमकी माझी मीटिंग असायची.

वडील बरे झाले. पुढच्या शिबिराला मी मीटिंग सोडून गेले. तुमच्यापैकी जे गेले नसतील त्यांच्यासाठी सांगते, तिथे आधी फॉर्म भरतात, वजन बघतात, रक्तदाब बघतात आणि बोटाला टोचून एक थेंब घेतात. तो थेंब निळ्या द्रावणात सोडतात. ते मोरचुदाचं द्रावण, आपल्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत खिडकीजवळच्या बाटलीत असायचं तेच. थेंब सरळ तळाला गेला तर हिमोग्लोबिन पुरेसं, म्हणजे १२.५ किंवा त्याहून जास्त. माझा थेंब थोडा खाली गेला, मध्येच रेंगाळला आणि वर आला. डॉक्टर म्हणाल्या, ‘मॅडम, तुम्हाला नाही देता येणार.’ मला शाळेत नापास झाल्यासारखं वाटलं. मग मी तिथेच बाकावर बसून राहिले आणि पाहिलं, तर माझ्यामागून आलेल्या बायकांपैकी कितीतरी जणी अशाच परत जात होत्या. शिकलेल्या, पगारदार, दोन वेळा नीट जेवणाऱ्या बायका.

परत जायला लाज वाटली म्हणून मी विचारलं, काही काम आहे का? त्यांनी मला नोंदणीच्या टेबलावर बसवलं. तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी जमेल तशी मी त्या रक्तपेढीच्या शिबिरांना जाते. पहिल्याच महिन्यात मी उत्साहाने म्हणाले होते, तुम्हाला रक्तदात्यांचं एक ॲप करून देते. तिथले जनसंपर्क अधिकारी हसले. म्हणाले, ‘ॲप बरीच आलीत, मॅडम. रविवारी सकाळी आठला टेबल मांडायला कोणी येईल का?’ वीस वर्षांच्या नोकरीत माझ्या कामाचं इतकं नेमकं मूल्यमापन कोणी केलं नव्हतं.

टेबलावर बसून जे कळलं ते असं. रक्ताला मुदत असते, दुधासारखी. एका पिशवीचे घटक वेगळे करतात. तांबड्या पेशी थंड ठेवून जास्तीत जास्त ४२ दिवस टिकतात. प्लेटलेट्स फक्त ५ दिवस, त्याही सतत हलत्या ठेवाव्या लागतात. प्लाझ्मा गोठवून वर्षभर ठेवता येतो. म्हणजे २६ जानेवारीला हौसेने दिलेली पिशवी ९ मार्चला बाद. आज, डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी, आपण शंभर पिशव्या दिल्या असत्या तर त्यातल्या तांबड्या पेशी फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंतच चालल्या असत्या.

आणि मागणी मात्र बारा महिने असते. थॅलेसेमियाच्या मुलांचंच बघा. त्यांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, जन्मभर. त्यांना एप्रिल-मेची सुट्टी नसते. महाविद्यालयं मात्र बंद असतात, राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरं थांबतात, लोक गावी जातात, आणि उन्हात कोणी बाहेर पडत नाही. ८ मे हा जागतिक थॅलेसेमिया दिवस. तो नेमका टंचाईच्या ऐन भरात येतो.

मी दोन शिबिरं पाहिली, ती शेजारी शेजारी ठेवून सांगते. एक हिवाळ्यातलं, एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं. कमान, बँड, रक्तदात्याला हेल्मेट भेट. रांग रस्त्यापर्यंत. दुपारी रक्तपेढीचे लोक हळूच सांगत होते, आता थांबवा, पिशव्या संपल्या, ठेवायला जागा नाही. संयोजक ऐकेनात, त्यांना आकडा गाठायचा होता. भेटवस्तूंचं आणखी एक आहे. हेल्मेटसाठी रांगेत उभा राहिलेला माणूस फॉर्मवर आपली कावीळ लिहीत नाही. रक्ताच्या चाचण्या होतातच, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस, मलेरिया. पण माणूस खरं बोलला तर ती पहिली चाचणी असते. आपण दहावी झालो त्याच वर्षी, १९९६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन रक्त देण्याची पद्धत थांबवण्याचा निकाल दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून ती बंद झाली. त्यामागे हीच भीती होती. मग हेल्मेट आणि मिक्सर हे काय आहेत, ते तुम्हीच ठरवा.

दुसरं शिबिर मे महिन्यातलं, एका सोसायटीच्या वाहनतळात. एक कूलर, कोकम सरबताचा पिंप, आणि सकाळभरात १९ माणसं. फोटो काढायला कोणी नव्हतं. पण त्या १९ पिशव्या वापरल्या जाईपर्यंत आठवडासुद्धा लागला नाही, असं मला नंतर फोन करून सांगितलं गेलं.

आता आपल्या शिबिराचं. मी आपल्या तालुक्याच्या रक्तपेढीला फोन करून तारीख विचारली, तर समोरून थोडं थांबून उत्तर आलं, ‘या तुम्ही, नाही कसं म्हणणार. पण त्या आठवड्यात आमच्याकडे आधीच दोन शिबिरं आहेत. मेमध्ये घेता का?’ मी हे समितीत मांडलं. तेव्हा एक मित्र म्हणाला, ‘मेळाव्याला सगळे असतात. मेमध्ये त्या उन्हात कोण कुत्रं येणार?’ त्याचं म्हणणं खोटं नाही. दुबईहून, बंगळुरूहून कोणी मे महिन्यात एका पिशवीसाठी येणार नाही, येऊही नये. पण मी यादी काढली. आपल्या दोन्ही तुकड्यांतले ३४ जण आज याच तालुक्यात राहतात. शिक्षक आहेत, शेती करणारे आहेत, तिघांची दुकानं तर शाळेच्या रस्त्यालाच आहेत. त्यांची मोठी मुलं अठराच्या पुढे गेलीत. बाहेरगावच्यांनी मांडव, कूलर, नाश्त्याचा खर्च उचलावा आणि रक्त आपापल्या गावी द्यावं.

सर, तुम्ही समोर बसला आहात म्हणून सांगते, हे माझ्या डोक्यात तुम्ही घातलं आहे. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आम्ही आठवीत होतो. आदल्या दिवशीच गणपती विसर्जन झालं होतं. आठवडाभरात शाळेच्या व्हरांड्यात जुन्या कपड्यांचा ढीग लागला. त्यात माझ्या आईची एक जरीची, विरलेली साडी होती आणि मला तिचा भारी अभिमान वाटत होता. तुम्ही ती उचलून बाजूला ठेवलीत आणि विचारलंत, ‘ही नेसून ती बाई ढिगारा कसा उपसणार?’ मला तेव्हा फार राग आला होता. मग तुम्ही आम्हाला घरोघरी पाठवलंत, चादरी, सतरंज्या आणि चालू स्थितीतले कंदील मागायला. कंदील मागताना लोक कुरकुरले, कारण ते त्यांच्याही वापरात होते.

माझ्याबद्दल एक राहिलं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, त्या चहाबरोबर घ्यायच्या नाहीत हेही सांगितलं. पाच महिने घेतल्या. मग माझा थेंब तळाला गेला. ३५० मिलिलिटर, खुर्चीत आठेक मिनिटं, नंतर कॉफी आणि पार्ले-जी. बायांनो, रक्त द्यायचं असो वा नसो, एकदा आपलं हिमोग्लोबिन तपासून घ्या. मेला अजून साडेचार महिने आहेत, तेवढ्यात ते वाढवता येतं.

तर ठरलेलं असं. मे महिन्याचा दुसरा रविवार, शाळेचं सभागृह, सकाळी ७ ते ११, म्हणजे ऊन चढायच्या आत. रक्तपेढीला ४० पिशव्या हव्या आहेत, त्याहून जास्त घ्यायच्या नाहीत. जास्त नावं आली तर उरलेल्यांना जूनमध्ये बोलावतील. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो. आधीच्या रक्तदानाला पुरुषांचे तीन, बायकांचे चार महिने झालेले असावेत. उपाशीपोटी यायचं नाही, उपास असेल तर त्या दिवशी सरबताच्या पिंपावर काम करा. भेटवस्तू नाही. टेबलं मांडायला सहाला दहा जण लागतील, त्यातली मी एक, आदल्या रात्रीच्या एसटीने येते आहे.

नावं लिहायची वही चहाच्या काउंटरजवळ ठेवली आहे. पेन दोऱ्याने बांधलंय, शाळेतलं आठवून.