अंश, छेद आणि सुटलेले मूल

(आसेगाव येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)

आजच्या अभ्यासवर्गासाठी लसीकरणाच्या आकडेवारीचा विषय ठरला, तेव्हा आपल्यापैकी काहींनी नाखुशी दाखविली, हे मला कळले आहे. सोयाबीनचा भाव पडलेला, रोजगार हमीची मजुरी थकलेली, आणि अशा वेळी टक्केवारीचा हिशेब मांडत बसायचे कशाला, असा त्यांचा प्रश्न आहे. प्रश्न रास्त आहे. त्याला माझे उत्तर एवढेच की, ज्या कागदाच्या आधारे सरकार आपल्या गावाकडे लक्ष द्यायचे की नाही हे ठरविते, तो कागद कसा तयार होतो हे ज्याला कळत नाही, त्याला त्या कागदाशी भांडता येत नाही. भाव आणि मजुरी यांचा हिशेब आपण शिकलो, तो असेच भांडता यावे म्हणून. हा हिशेबही तसाच शिकला पाहिजे.

‘अमुक टक्के बालकांचे लसीकरण पूर्ण’ हे वाक्य आपण वर्तमानपत्रात वाचतो. टक्केवारी म्हणजे अपूर्णांक, आणि अपूर्णांकाला अंश व छेद असे दोन भाग असतात, हे आपण चौथीत शिकलो. वर लस मिळालेली मुले, खाली लस मिळायला हवी होती अशी सर्व मुले. दोन्ही संख्या कोठून येतात ते क्रमाने पाहू.

अंशाचा प्रवास तांड्यावर किंवा अंगणवाडीत सुरू होतो. आशाताई घरोघर फिरून ज्यांची लस बाकी आहे त्यांची यादी करतात. ठरलेल्या दिवशी सत्र भरते, आरोग्यसेविका लस टोचते, बाळाच्या आईजवळच्या माता-बाल संरक्षण कार्डावर तारीख लिहिते, आपल्या नोंदवहीत नाव घालते आणि त्या दिवसाच्या तक्त्यावर एक रेघ ओढते. महिनाअखेर या रेघांची बेरीज होऊन उपकेंद्राचा अहवाल बनतो. तो प्राथमिक आरोग्य केंद्राकडे जातो, तेथून तालुक्याकडे, जिल्ह्याकडे आणि २००८ पासून सुरू असलेल्या केंद्र सरकारच्या आरोग्य माहिती प्रणालीत. या प्रवासात नावे मागे राहतात. पुढे जाते ती केवळ बेरीज. परगावाहून माहेरी बाळंतपणाला आलेल्या मुलीचे बाळ येथे मोजले जाते आणि सासरच्या गावीही कधी कधी मोजले जाते. खाजगी दवाखान्यात टोचलेले बाळ पुष्कळदा कोठेच मोजले जात नाही. तरीही या नोंदवहीमागे एका बाईची पायपीट उभी आहे, हे आपण विसरता कामा नये.

खरी मेख आहे ती छेदात. लस मिळायला हवी होती अशी मुले किती, हे कोणी मोजत नाही. ते अनुमानाने काढले जाते. जनगणनेतील लोकसंख्या घ्यायची, तिची दरवर्षीची अंदाजी वाढ धरायची, तिला जन्मदराने गुणायचे आणि वर्षाच्या आत दगावणारी बालके वजा करायची. उदाहरणार्थ, ३०,००० लोकवस्तीचे एक आरोग्य केंद्र घ्या. महाराष्ट्राचा जन्मदर २०२० च्या नमुना नोंदणीप्रमाणे दर हजारी १५ होता, अर्भकमृत्यूचा दर हजार जन्मांमागे १६. म्हणजे वर्षाला जन्म ४५०, त्यातून ७ वजा जाऊन ४४३ बालके. हे त्या केंद्राचे लक्ष्य झाले. वर्षभर याच ४४३ ने भागाकार होत राहणार.

आता दोन गावे कल्पनेने समोर आणा. पहिल्या केंद्राच्या हद्दीत तांडे अधिक, प्रत्यक्षात बालके जन्मली आणि जगली ५००. त्यांपैकी ४४० ना लस मिळाली. अहवालात आकडा लागेल ९९ टक्के. केंद्राचे अभिनंदन होईल. वस्तुस्थिती ८८ टक्के आहे आणि ६० मुले उघडी पडली आहेत. दुसऱ्या केंद्राच्या हद्दीतील तरुण जोडपी पुण्याला बांधकामावर, वीटभट्टीवर, ऊसतोडीला निघून गेलेली. तेथे बालके ४००, लस मिळाली ३९० ना. अहवालात आकडा लागेल ८८ टक्के. आरोग्यसेविकेला कारणे दाखवा म्हणून विचारणा होईल. वस्तुस्थिती साडेसत्त्याण्णव टक्के आहे. जिने काम उत्तम केले तिला ठपका आणि जेथे साठ मुले सुटली तेथे शाबासकी, असा हा न्याय! यात कोणी लबाडी केलेली नाही, एकही खोटी रेघ ओढलेली नाही. छेद चुकला की प्रामाणिक माणसाच्या हातूनही असत्य लिहिले जाते.

हा छेद ज्या जनगणनेवर उभा आहे ती २०११ ची आहे. त्या वर्षी आपल्या वाशीम जिल्ह्याची लोकसंख्या ११,९७,१६० भरली होती. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही. पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिनांक ठरला. मधल्या काळात कोण गेले, कोण आले, कोणता तांडा वाढला आणि कोणता ओस पडला, हे त्या जुन्या आकड्याला कळण्याचा मार्ग नाही. देशातील अनेक जिल्ह्यांच्या अहवालांत लसीकरण शंभर टक्क्यांच्याही पुढे गेलेले आढळते, त्याचे मुख्य कारण हेच. शंभरातली एकशेचार मुले लस घेऊ शकत नाहीत. पण कागदावर घेतात.

या अहवालांची पारख करण्यासाठी दुसरा मार्ग आहे तो पाहणीचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत नमुन्याने घरे निवडतात, १२ ते २३ महिने वयाचे मूल असेल तर कार्ड पाहतात, कार्ड नसेल तर आईच्या आठवणीवर विसंबतात. क्षयाची बीसीजी, घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वात यांच्या लसीच्या तीन मात्रा, पोलिओच्या तीन आणि गोवराची एक, एवढे झाले असेल तर मूल पूर्ण संरक्षित मानतात. येथे छेद अनुमानाचा नसतो. जितकी मुले पाहिली तितकीच खाली मांडतात. या मार्गाने काय दिसले? १९८५ मध्ये सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला, १९९० पर्यंत ८५ टक्के अर्भकांना लस देण्याचे उद्दिष्ट होते आणि अहवालांवरून ते जवळपास गाठल्यासारखे दिसत होते. १९९२-९३ च्या पहिल्या पाहणीत देशातील पूर्ण संरक्षित बालके निघाली सुमारे ३५ टक्के. पुढे १९९८-९९ मध्ये ४२, २००५-०६ मध्ये सुमारे ४४, २०१५-१६ मध्ये ६२ आणि २०१९-२१ मध्ये सुमारे ७६.

आपल्या पुढारलेल्या म्हणविणाऱ्या महाराष्ट्राची कथा याहून बोधप्रद आहे. १९९८-९९ च्या पाहणीत राज्याचा आकडा सुमारे ७८ होता. २००५-०६ मध्ये तो सुमारे ५९ वर आला, २०१५-१६ मध्ये सुमारे ५६ वर, आणि २०१९-२१ मध्ये पुन्हा सुमारे ७४ वर चढला. देश पुढे जात असताना आपण सुमारे दीड तप घसरत होतो. पाहणी झाली नसती तर मासिक बेरजांवरून हे कोणाच्या ध्यानात आले असते का?

तथापि पाहणीलाही मर्यादा आहे, आणि ती आपण प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. २०१९-२१ च्या पाहणीत ७०७ जिल्ह्यांतील ६,३६,६९९ घरे घेतली. म्हणजे जिल्ह्यामागे सरासरी नऊशे. नऊशे घरांत त्या विशिष्ट वयाची मुले निघणार काही डझन. पन्नास मुलांवरून ७४ टक्के हा आकडा निघाला, तर वस्तुस्थिती ६२ पासून ८६ पर्यंत कोठेही असू शकते. म्हणूनच जिल्ह्याच्या पत्रकात पंचविसापेक्षा कमी मुले असतील तर आकडा न देता फुली टाकतात आणि पंचवीस ते एकोणपन्नास असतील तर आकडा कंसात देतात. आपले पुढारी भाषणात आकडा सांगतात तेव्हा कंस गाळतात. आसेगावासारख्या गावापर्यंत तर ही पाहणी पोहोचूच शकत नाही.

तिसरा आकडा येतो तो बाहेरून. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ दरवर्षी जुलैत प्रत्येक देशाचे अनुमान प्रसिद्ध करतात. सरकारी अहवाल आणि पाहण्या समोर ठेवून, दोहोंत तफावत असेल तर कोणता विश्वासार्ह हे तज्ज्ञ ठरवितात आणि कारण नमूद करतात. एकही मात्रा न मिळालेली बालके भारतात २०२३ मध्ये सुमारे १६ लाख आणि २०२४ मध्ये सुमारे ९ लाख होती, हे आकडे त्यांचेच. पण हेही कोणी एकेक करून मोजलेले नाहीत. अंदाजी जन्मांतून अंदाजी लसीकरण वजा करून आलेली ती बाकी आहे. देशात वर्षाला सव्वादोन कोटींच्या आसपास बालके जन्मतात. टक्केवारीत एकाचा फरक पडला की सव्वादोन लाख मुले कागदावर उगवतात किंवा मावळतात.

मित्रहो, एवढे गणित सांगितले ते सरकारी आकडे सगळे खोटे, असा सवंग निष्कर्ष काढण्यासाठी नव्हे. तसे म्हणणे सोपे असते आणि त्यामुळे लसीविषयी अविश्वास तेवढा वाढतो. लसीकरणाने या देशातील असंख्य मुले वाचविली आहेत. माझा मुद्दा निराळा आहे. सरासरीने समाधान मानणारा कार्यक्रम नेमक्या गरीब मुलाला गाळतो. दहा उपकेंद्रांपैकी नऊ ठिकाणी काम पुरे झाले आणि दहाव्या ठिकाणच्या तांड्यावर कोणी गेलेच नाही, तर सरासरी नव्वद टक्के भरते. गोवराला सरासरी कळत नाही. तो नेमका दहाव्या ठिकाणी जातो. २०२२ मध्ये मुंबईत गोवराचा उद्रेक झाला आणि बालके दगावली. रोगाने पहिले ठाण मांडले ते गोवंडीसारख्या दाट झोपडवस्तीत. देशाच्या आर्थिक राजधानीतही सुटलेली मुले एकाच बाजूला साचलेली होती.

हा धडा नवा नाही. १९६२ मध्ये देवी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा टोचण्यांची संख्या कोटींनी वाढली. पण हाताशी सापडणाऱ्या शाळकरी मुलांना पुन्हा पुन्हा टोचले जात होते आणि भटके, मजूर, वस्तीबाहेरचे लोक सुटत होते. देवी हटली ती टोचण्या मोजणे गौण ठरवून रोगी आणि त्याच्या भोवतालची माणसे शोधून काढू लागल्यावर. १९७५ मध्ये देशातील शेवटचा मूळ रोगी आढळला. पोलिओच्या मोहिमेतही तेच. ज्या घरातील सर्व मुलांना डोस मिळाला त्या घरावर खडूने एक खूण आणि ज्या घरातील मूल सुटले त्यावर फुली. मग फुलीच्या घरांवर पुन्हा जायचे, ती संपेपर्यंत जायचे. १३ जानेवारी २०११ नंतर देशात जंगली विषाणूच्या पोलिओचा रोगी आढळला नाही. तो विजय फुल्यांचा हिशेब ठेवण्याचा होता.

आणि याच्या उलट उदाहरण कोरोनाकाळातील. २१ ऑक्टोबर २०२१ रोजी शंभर कोटींचा टप्पा गाठल्याचा उत्सव झाला. शंभर कोटी या मात्रा होत्या, माणसे नव्हेत. त्या दिवशी प्रौढांपैकी सुमारे तीन चतुर्थांशांना पहिली मात्रा मिळाली होती. दोन्ही मात्रा मिळालेले तिसऱ्या हिश्शाहूनही कमी होते. नुसता अंश मिरविला आणि छेद झाकला की उत्सव करता येतो.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. २०१८ मध्ये केंद्राने आकांक्षित जिल्हे ठरविले. महाराष्ट्रातील नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबाद (आजचा धाराशिव) आणि आपला वाशीम असे चार. या जिल्ह्यांची दरमहा क्रमवारी लागते आणि तीत बालकांच्या पूर्ण लसीकरणाचा आकडा धरला जातो. मागासलेपणाकडे लक्ष वेधले हे चांगलेच. परंतु क्रमवारीचा दट्ट्या वरून खाली येताना शेवटी कोणावर पडतो? जिल्हाधिकारी तालुक्याला विचारतात, तालुका केंद्राला, केंद्र आरोग्यसेविकेला, आणि ती आशाताईला, जिला नियमित वेतनही नाही आणि जिने २०२१ व २०२३ मध्ये मानधनासाठी संप केला. सुटलेले मूल कळविले तर ठपका आणि न कळविले तर शांतता, अशी व्यवस्था असेल, तर सुटलेले मूल कोण कळवील? म्हणून आकड्याविषयी प्रश्न विचारताना आपले बोट त्या बाईकडे वळता कामा नये. तिला खरे लिहिण्याचे अभय मिळवून देणे, हेही कार्यकर्त्याचे काम आहे.

अलीकडे ‘यू-विन’ नावाच्या प्रणालीत प्रत्येक बालकाची नावानिशी नोंद होऊ लागली आहे. बेरजेऐवजी नाव पुढे जाणे, ही सुधारणाच आहे. मात्र ज्याचे नाव घातलेच नाही ते मूल तेथेही दिसणार नाही.

तेव्हा आपण काय करावे? देशाचा छेद दुरुस्त करणे आपल्या हाती नाही, आसेगावाचा आहे. एवढ्या गावात आणि भोवतालच्या वस्त्यांवर दोन वर्षांखालील मुले किती, याची घरोघर जाऊन नावानिशी यादी करायला आपल्यापैकी दहा जणांना आठवडा पुरेल. ग्रामपंचायतीची जन्मनोंद, अंगणवाडीची यादी, आशाताईंची यादी आणि आपली यादी शेजारी शेजारी ठेवावी. चारही याद्यांत असलेल्या मुलांची चिंता नको. एकाच यादीत असलेले मूल, हंगामाला आईबापांबरोबर गेलेले मूल, गावाच्या कडेला पाल टाकून राहिलेल्या कुटुंबातील मूल, ही आपली मुले. ती नावे आरोग्यसेविकेच्या हाती द्यावीत, पुढच्या सत्राला त्या आईसोबत जावे. ग्रामसभेत टक्केवारीचा अहवाल वाचला जाईल तेव्हा कोणीतरी उठून शांतपणे विचारावे: भागाकार कितीने केला आणि ती संख्या कोणी मोजली? उरलेली मुले कोणत्या वस्तीतील? कुटुंबांना संकोच वाटू नये म्हणून नावे तेथे वाचू नयेत. संख्या आणि वस्ती मात्र अवश्य वाचावी.

सोयाबीनचे पोते काट्यावर चढते तेव्हा आपण काटा शून्यावर आहे ना, हे आधी पाहतो. मुलांच्या बाबतीतही तेवढीच दक्षता ठेवावी, एवढेच मला सांगायचे होते. यादीचे कोरे कागद मी बरोबर आणले आहेत. चहा झाला की वस्त्या वाटून घेऊ.