वैरणीचा प्रश्न व गवताची निवड
(यवतमाळ येथील सभेत केलेले भाषण)



दुष्काळ म्हटला म्हणजे आपल्या दृष्टीपुढे प्रथम भुकेला मनुष्य येतो. दावणीचा बैल मागाहून येतो. परंतु बैल गेला, म्हणजे पुढील मृग चांगला बरसूनही शेतकऱ्याची जमीन पडीक राहते, आणि एका वर्षाचे संकट दोन वर्षांचे होते. 1899-1900 च्या दुष्काळात, आपला जिल्हा वणी या नावाने ओळखला जात असता, वऱ्हाडात धान्याबरोबर वैरणही नाहीशी झाली व गुरांची फार हानी झाली. पुढे ज्वारीचा कडबा हा आधार होता. आता कपाशीने व सोयाबीनने ज्वारीची जागा घेतली आहे. पऱ्हाटी चुलीत जाते, आणि कुटारावर वर्ष निघत नाही.

चालू टंचाईत वैरण विकतच आणावी लागेल, हे आम्ही लपवीत नाही. परंतु दुरून आणलेल्या वैरणीत देणगीचा मोठा भाग गाडीभाड्यासच जातो. म्हणून फंडाचा काही अंश गवताचे बियाणे व राखीव राने यांकडे लावावा, अशी आमची विनंती आहे.

मात्र सर्व गवत सारखे, हा समज सोडला पाहिजे. काळ्या, ओल धरणाऱ्या जमिनीस मारवेल योग्य. त्याचे ठोंब लावले तरी जगतात. मुरमाड उतारावर शेडा व पवन्या, आणि हलक्या, कोरड्या बरडावर अंजन. कुसळी आपोआप वाढते. पण कुसळे धरल्यावर ती गुरांच्या तोंडात रुततात, म्हणून ती आधीच कापावी. तिखाडीस गुरे सहसा तोंड लावीत नाहीत. ती माजली, तर अतिचराईने रान खंगल्याचा तो पुरावाच समजावा, आणि पुराव्याची किंमत आम्हां वकिलांस ठाऊक आहे.

ही गवते उष्ण व दमट दिवसांत झपाट्याने वाढतात. फुलोऱ्याच्या सुमारास कापली तर कस राहतो. धाटे वाळेपर्यंत थांबल्यास गंजी मोठी व पोषण थोडे, असा व्यवहार होतो. बी हलके असते. ते ओलसर मातीत कालवून पहिल्या पावसाच्या सुमारास वरवर टाकावे, खोल गाडू नये. पहिल्या वर्षी रानात गुरे सोडू नयेत, कापूनच घालावे.

व्यापारी बंधूंनी बियाण्यास द्रव्य व गंजीस गुदाम द्यावे. ज्यांच्या मोठ्या जमिनी आहेत, त्यांनी धुरे व पडीक तुकडे गवतास सोडावेत. बैल विकून बसलेल्या शेतकऱ्यास पुढे हजारो रुपये देण्यापेक्षा, आज त्याचा बैल दावणीस राखणे स्वस्त आहे. आपला उदार हात या कार्यास लागावा, एवढीच प्रार्थना.