फोटोवरून उतरलेल्या मावशी

आमच्या गटाच्या पहिल्या अध्यक्ष मावशी गेल्या. वर्षश्राद्धाला लावायला फोटो शोधला, तर मिळाले दोनच. एक जुन्या पासबुकावरचा, अर्धा शिक्क्याखाली. दुसरा सभेतला, सगळ्यांच्या मागे. आपण बायका फोटोत मागेच उभ्या राहतो की!

मग वर्गणी काढून कराडातल्या एका चित्रकारांना तैलचित्र सांगितलं. आम्ही अधूनमधून बघायला जायचो. मोठ्या केलेल्या फोटोवर चौकटी आखायच्या, कॅनव्हासवर तेवढ्याच मोठ्या चौकटी, आणि एकेका चौकटीतली रेघ तिकडे उतरवायची. आधी पातळ तपकिरी रंगात सावल्या, त्यावर दाट रंग. जवसाच्या तेलातला रंग सावकाश वाळतो. घाई चालत नाही, लोणच्यासारखंच.

मध्ये एकदा पुसेसावळीवरून औंधला यमाईच्या दर्शनाला गेलो. डोंगरावर भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेलं संग्रहालय आहे. हे राजे स्वतः चित्रकार. तिथं राजा रविवर्मांची तैलचित्रं समोरून पाहिली. रविवर्मासुद्धा माणसांची चित्रं काढताना फोटोचा आधार घेत. पण नुसत्या फोटोवर भागत नाही, असं आमचे चित्रकार म्हणाले. फ्लॅशमध्ये चेहरा सपाट होतो. रंग कसा, गालावर खळगा कुठं, हे ओळखीच्या माणसानंच सांगावं लागतं.

त्यांनी विचारलं, "जरा उजळ करू? बहुतेक जण तसंच मागतात." आम्ही म्हटलं, नको, मावशी सावळ्याच होत्या.

दुसरा प्रश्न अवघड होता. पासबुकाच्या फोटोत ठसठशीत कुंकू, सभेच्या फोटोत कपाळ मोकळं. कुठलं काढायचं? मावशींची जाऊ म्हणाली, विधवेला कुंकू लावलं तर गाव काय म्हणेल? कुणीतरी हेरवाडचं नाव काढलं. शिरोळ तालुक्यातल्या त्या गावानं २०२२ साली कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव केलाय. तरी आमच्यात दोन तट पडलेच.

मग एकीला आठवलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मावशी सगळं सामान आणायच्या, वाणाचा हिशेब ठेवायच्या, आणि बायका जमल्या की उंबऱ्याबाहेर जाऊन बसायच्या. आम्ही एकीनंही कधी हात धरून आत आणलं नाही. हे निघाल्यावर कुणी काही बोललं नाही.

चित्रात कुंकू आहे, मोठं.

जाऊबाई वर्षश्राद्धाला उशिरा आल्या. चित्रासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "नाक जरा बारीक झालंय बघा."