वाढीव वर्ष आणि मोजक्या जागा

(पक्षाच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या वर्गात बास्केटबॉलवर बोलणार असे मी कळविले, तेव्हा संयोजकांना ती थट्टाच वाटली. मी हा खेळ कधी खेळलेलो नाही. माझे आयुष्य अर्थशास्त्र शिकविण्यात गेले. तथापि अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये २०२० नंतर जे घडले, त्यात श्रमाच्या बाजाराचे एक जुने कोडे इतके उघडे होऊन समोर येते की, आज वर्गावर असतो तर मागणी-पुरवठ्याच्या आकृत्या बाजूस ठेवून हेच शिकविले असते.

२०२२च्या उन्हाळ्यात मी ओहायो राज्यात मुलीकडे राहिलो होतो. शेजारचा एक मुलगा रोज संध्याकाळी अंगणातल्या कडीवर चेंडू टाकीत असे. आदल्या वर्षी तो शाळा संपवून बाहेर पडला होता. शाळेत असताना एका मध्यम विद्यापीठाचे प्रशिक्षक त्याला दर आठवड्याला दूरध्वनी करीत. २०२०च्या हिवाळ्यात ते दूरध्वनी थांबले. नकार कोणी दिला नाही, कारणही कोणी सांगितले नाही. अखेरीस तो दोन वर्षांच्या एका स्थानिक महाविद्यालयात गेला. त्याच्या खेळात काय कमी पडले, हे तो मला विचारी. मला खेळातले काय कळणार? पण कमी त्याच्या खेळात नसून हिशेबात पडले होते, हे मला पुढे वाचनातून उमगले.

तेथील नियम असा. महाविद्यालयीन खेळांचे नियंत्रण मुख्यतः एनसीएए ही संस्था करते. तिच्या पहिल्या श्रेणीतील खेळाडूस २०२० साली पाच वर्षांच्या मुदतीत चार हंगाम खेळता येत. हे चार काही निसर्गाने ठरवून दिलेले नाहीत. १९७२पर्यंत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विद्यापीठाच्या मुख्य बास्केटबॉल संघात खेळण्यास मज्जाव होता. म्हणजे हंगाम तीनच मिळत.

मार्च २०२०मध्ये साथ आली आणि बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा रद्द झाली. तेव्हा ज्यांचे शेवटचे वर्ष होते त्यांना भरपाई म्हणून काहीही मिळाले नाही. वाढीव हंगाम मिळाला तो वसंत ऋतूतील खेळांना. पुढचा, २०२०-२१चा हंगाम रिकाम्या प्रेक्षागृहांत आणि विलगीकरणात जाणार हे दिसू लागले, तेव्हा ऑक्टोबर २०२०मध्ये ठरले की, बास्केटबॉलसह हिवाळी खेळ खेळणाऱ्या कोणाचाही तो हंगाम हिशेबात धरू नये. त्या वर्षी जो कोणी संघात होता, त्याच्या पदरात एक जादा वर्ष पडले. त्या वेळचे पहिल्या वर्षाचे खेळाडू या सवलतीमुळे २०२४-२५पर्यंत खेळत राहिले. एका निर्णयाची सावली चार वर्षे पडली ती अशी.

आता साधे गणित करू. पुरुषांच्या एका संघाला तेव्हा तेरा शिष्यवृत्त्या देता येत. प्रत्येक जण चार वर्षे राहिला, तर दरवर्षी सरासरी सव्वातीन जागा मोकळ्या होतात. तोच पाच वर्षे राहिला, तर २.६. सोयीसाठी पहिल्या श्रेणीत ३६० संघ धरले, तर दरवर्षी नव्याने भरावयाच्या जागा ११७० वरून ९३६ वर येतात. अर्थात सगळेच पूर्ण मुदत राहत नाहीत. कोणी व्यावसायिक संघात जातो, कोणी जखमी होतो, कोणी कंटाळतो. त्यामुळे प्रत्यक्ष आकडा वेगळा असणार. परंतु घटीची दिशा चुकत नाही, आणि दारात उभ्या असलेल्या अठरा वर्षांच्या मुलाला ती दिशाच नडते.

येथे मला माझाच एक धडा तपासून पाहावा लागला. निवृत्तीचे वय वाढविले की तरुणांच्या नोकऱ्या जातात, असे कोणी म्हटले की मी वर्गात त्याचे खंडन करीत असे. समाजातील कामाचा साठा ठरीव नसतो. वयस्कर माणूस कमावतो तसा खर्चही करतो आणि त्यातून नवे काम निर्माण होते. हे आजही मला खरे वाटते. मात्र बास्केटबॉलच्या संघात जागांचा साठा खरोखरच ठरीव आहे. तेरा म्हणजे तेरा. एक राहिला की एक बाहेर. अर्थशास्त्रात जो हेत्वाभास ठरतो, तो येथे वस्तुस्थिती बनतो. मग विचारावयाचा प्रश्न असा की, हे तेरा ठरविले कोणी? तो आकडा त्याच संस्थेचा होता, जिने वर्ष वाढवून दिले.

२०२१-२२ या एकाच हंगामापुरते, आपल्याच विद्यापीठात शेवटच्या वर्षानंतर थांबलेल्या जुन्या खेळाडूंना मर्यादेबाहेर ठेवले गेले. पुढे तीही सोय संपली. ज्यांनी रिकाम्या प्रेक्षागृहांत हंगाम काढला, त्यांना भरपाई मिळाली हे निःसंशय योग्य झाले. मला आक्षेप आहे तो ती भरपाई कोणाच्या खिशातून गेली याला. २०२०ची स्पर्धा बुडाल्याने एनसीएएने विद्यापीठांना त्या वर्षी साठ कोटी डॉलरऐवजी साडेबावीस कोटीच वाटले, ही तिची अडचण खरी होती. पण याच स्पर्धेच्या प्रक्षेपणहक्कांचा करार २०१६ साली २०३२पर्यंत वाढविला गेला, तो वाढीव आठ वर्षांसाठी ८८० कोटी डॉलरचा. एवढा धनको पाठीशी असताना भरपाई जागांच्या रूपाने दिली गेली, आणि त्या जागा दिल्या शाळेतून नुकत्याच बाहेर पडणाऱ्या मुलांनी. निर्णय घेणाऱ्या बैठकीत ती मुले नव्हती. ती अजून कोणाचीच सभासद नव्हती.

याच सुमारास आणखी दोन दारे उघडली. एप्रिल २०२१मध्ये खेळाडूला एकदा विद्यापीठ बदलून एक वर्ष न थांबता खेळण्याची मुभा मिळाली; २०२४पासून ती कितीही वेळा मिळू लागली. जुलै २०२१पासून त्याला स्वतःच्या नावावर आणि छबीवर जाहिरातींतून पैसे मिळविता येऊ लागले. वाढीव वर्ष, बदलीची मुभा आणि पैसा यांचा संगम झाला, तेव्हा तेवीस-चोवीस वर्षांचा, अंगाने भरलेला, चारशे वेळा पडून उठलेला गडी बाजारात आला. प्रशिक्षकाची नोकरी विजयावर अवलंबून; तो अठरा वर्षांच्या मुलाला घडवीत बसेल कशाला?

ट्रिस्टन न्यूटन ईस्ट कॅरोलायना विद्यापीठात तीन वर्षे खेळला, २०२२ साली कनेक्टिकटला गेला, २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी राष्ट्रीय विजेत्या संघात होता आणि पाचव्या हंगामाच्या शेवटी अंतिम फेरीचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. त्याचे अभिनंदनच केले पाहिजे. मात्र घडविण्याचा खर्च लहानाने करावा आणि पीक मोठ्याने कापावे, ही रीत आपणा सहकारी चळवळीतल्यांना नवी नाही. लहान विद्यापीठेही मग शाळकरी मुलांऐवजी इतरांनी घडविलेले खेळाडू शोधू लागतात. शाळकरी मुलगा एक पायरी खाली जातो, तेथला आणखी एक पायरी खाली.

जरा विषयांतर करतो. पीट मॅराविचने १९६७ ते १९७० या तीन हंगामांत, ८३ सामन्यांत ३६६७ गुण केले. तेव्हा दुरून टाकलेल्या चेंडूला तीन गुण देण्याची पद्धतही नव्हती. डेट्रॉइट मर्सीचा अँटवान डेव्हिस वाढीव वर्षाच्या बळावर पाच हंगाम, १४४ सामने खेळला आणि मार्च २०२३मध्ये ३६६४ वर थांबला. फक्त तीन गुण कमी! दोघांचेही प्रशिक्षक त्यांचे वडील होते. पुढल्याच वर्षी आयोवाच्या केटलिन क्लार्कने चार हंगामांत ३९५१ गुण केले. वाढीव वर्ष हाताशी असूनही ते न वापरता ती व्यावसायिक संघात गेली, आणि तेथे पहिल्या वर्षाचे तिचे मूळ वेतन होते ७६,५३५ डॉलर. विक्रमांच्या वह्या मांडणाऱ्यांनी यापुढे वर्षांचा रकानाही शेजारी लिहावा.

खेळाडूला मोबदला नव्हता, तोवर चार हंगामांची मर्यादा ही शिक्षणाची शिस्त म्हणून खपून जात असे. मोबदला सुरू होताच तीच मर्यादा कमाईवरची बंदी दिसू लागली आणि प्रकरण न्यायालयांत गेले. डिसेंबर २०२४मध्ये टेनेसीतील संघीय न्यायालयाने डिएगो पाव्हिया या फुटबॉलपटूच्या बाजूने मनाईहुकूम दिला. दोन वर्षांच्या महाविद्यालयात खेळलेले हंगाम आपल्या चारांत धरू नयेत, असे त्याचे म्हणणे होते. त्यानंतर एनसीएएने २०२५-२६ या हंगामासाठी तशा इतर खेळाडूंनाही सूट दिली. जून २०२५मध्ये ‘हाउस’ खटल्याची तडजोड मंजूर झाली. तिच्यात सामील होणाऱ्या विद्यापीठाला पहिल्या वर्षी सर्व खेळ मिळून सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत रक्कम खेळाडूंना थेट देता येणार होती. बास्केटबॉलच्या शिष्यवृत्त्यांची मर्यादा गेली आणि तिच्या जागी पंधरा खेळाडूंचा संघ आला. तेराचे पंधरा झाले खरे; पण पूर्वी शिष्यवृत्तीवाचून, केवळ सरावाला उभे राहण्यासाठी जे संघात असत, त्यांना आता त्या पंधरांतच बसावे लागते. सरसकट पाच वर्षांत पाच हंगाम द्यावेत, ही चर्चाही २०२५ साली रंगली. मर्यादा वाढवीत जाणारे लोक जागांविषयी बोलताना मात्र क्वचित आढळतात.

शेजारच्या त्या मुलाचे पुढे काय झाले, हे मुलीकडून कळत राहिले. दोन वर्षांनी तो एका लहान विद्यापीठाच्या संघात शिरला, दोन हंगाम खेळला आणि २०२५ साली त्याची मुदत संपली. मग ती सूट आली आणि त्यालाही एक वाढीव वर्ष मिळाले. त्याने ते घेतले. मीही घेतले असते. त्यामुळे त्याच्या विद्यापीठात एक जागा मोकळी व्हावयाची राहिली.

जुने विरुद्ध नवे असे हे भांडण खेळाडूंनी आपसांत लढावे अशीच रचना आहे. जागा किती, मुदत किती, उत्पन्नातला वाटा किती, हे तिन्ही प्रश्न एकाच टेबलावर यावेत आणि तेथे खेळाडूंना खुर्ची असावी, असा एक प्रयत्न न्यू हॅम्पशायरमधील डार्टमथ महाविद्यालयात झाला. तेथे खेळासाठी शिष्यवृत्तीच मिळत नाही. फेब्रुवारी २०२४मध्ये श्रमसंबंध मंडळाच्या विभागीय अधिकाऱ्यांनी तेथील बास्केटबॉलपटू हे कर्मचारी आहेत असा निर्णय दिला आणि ५ मार्च रोजी त्या मुलांनी संघटनेच्या बाजूने तेरा विरुद्ध दोन असे मतदान केले. महाविद्यालय वाटाघाटीस बसले नाही. वॉशिंग्टनमधील राजवट बदलणार आणि मंडळाची रचनाही बदलणार हे दिसल्यावर, प्रतिकूल निर्णय कायमचा गळ्यात पडू नये म्हणून, डिसेंबरच्या अखेरीस संघटनेने आपला अर्ज मागे घेतला. मतदान करणाऱ्यांपैकी काही जण तोवर पदवी घेऊन बाहेर पडले होते.